खिडकीकडची कड

मित्रांनो, भांडुपच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात, खिडकीशेजारी उभे असलेले जुने दाबयंत्र ते मीच. माझे काम एकच. दगड दाबायचा आणि तो किती जोराला फुटला ते काट्यावर दाखवायचे.

आले तेव्हा माझा हिरवा रंग चकाकत होता. माझ्या खालच्या तबकडीखाली वाटीसारखी बैठक आहे. तिच्यात तबकडी जराशी कलते, म्हणून दगडावर सगळीकडून सारखा दाब येतो. तीच माझी अब्रू.

१९८३ साली वसुधाबाई प्लास्टर, वाळू आणि पाणी कालवून नकली खडक बनवत होत्या. त्यातून बोगद्याची लहान प्रतिकृती करायची होती. पण आधी प्रत्येक नमुन्याची ताकद सारखी भरायला हवी. दसऱ्यापर्यंत ती भरत होती. मग बिनसले. एकाच घमेल्यातले नमुने, पण एक लगेच फुटे, दुसरा तग धरे.

"वसुधा, तुझ्या मिश्रणातच खोट आहे," श्यामकांत साहेब म्हणाले. "दिवाळीपर्यंत आकडे जुळले नाहीत तर हे काम बंद."

बाई फुटलेले तुकडे घेऊन माझ्यासमोर बसल्या. "गुणाजी, हे बघा. सगळे खिडकीकडच्या कडेनेच फुटलेत."

"वारो लागत आसतलो, बाई," मदतनीस गुणाजी म्हणाले.

बाईंनी पुढचा नमुना दाबता दाबता अर्ध्यावर थांबवला, उभाच अर्धा वळवून पुन्हा ठेवला. फुटला तो खिडकीकडूनच.

"दगड फिरवला, तरी कड तीच. म्हणजे खोट यंत्रात आहे!"

तबकडी उचलली. वाटीत नारळाचे पाणी आणि कुंकू वाळून घट्ट बसले होते आणि तबकडी खिडकीकडची कड वर राहून कललेली तशीच अडकली होती. दसऱ्याच्या पूजेचा नारळ माझ्याच जबड्यात फोडायची इथली रीत. काटा कुठवर जातो ते बघत सगळे टाळ्या वाजवतात. नंतर पुसायचे इतक्या वर्षांत कुणालाच सुचले नव्हते.

"देवाचो नारळ तो! तेना काय होतला?" गुणाजी पुटपुटले.

"देवाला काही नाही झालं. माझी वाट लागत होती ना! गरम पाणी आणा, मग तेल."

दिवाळीआधी नमुने सारखे फुटू लागले. बोगद्याचे काम पुढे गेले.

पुढे नवे यंत्र आले, बाई दुसरीकडे गेल्या. नव्या यंत्रावर गर्दी झाली की उरलेले नमुने अजून माझ्याकडे येतात. मी दमले आहे. तबकडी पुन्हा जड हलते. दसऱ्याला हार मात्र न चुकता मिळतो.

मित्रांनो, हार नसला तरी चालेल. नारळ फोडलात की तबकडी उचलून एकदा पुसा. कुणाचा तरी चांगला दगड माझ्यामुळे खोटा ठरू नये.