गाइडचे पैसे

बाबा गेल्यानंतरची पहिली सहल. जाहिरात दुपारपर्यंत छापायला द्यायची होती, नाहीतर नेहमीची मंडळी दुसरीकडे वळणार आणि कंपनी बाबांच्या पाठोपाठ जाणार. मुलगी बाबांच्या खुर्चीत बसून दर काढत होती. बस, हॉटेल, जेवण, गाइड, थोडा नफा, वर कर. दर बाबांच्या दराच्या जवळजवळ दीडपट आला.

"काका, माझं काहीतरी चुकतंय."

समोर बाबांचे मित्र बसले होते. कंपनीचे कराचे कागद तेच बघायचे. "गाइडचे पैसे काढ," ते म्हणाले. "गाइड तोच होता."

तिने काढले.

"नफा काढ."

"नफा?"

"काढ गं. आता कर वरून लावू नकोस. 'सर्व करांसह' असं छापायचा तो."

दर बाबांच्या दराशी तंतोतंत जुळला.

"म्हणजे बाबा इतकी वर्षं फुकट राबले?"

"फुकट कसं? फिरायला मिळायचं की!" काका हसले नाहीत. "मी डोकं फोडलं त्याच्यापुढे. म्हणायचा, दर वाढवला तर पेन्शनवरच्या बाई यायच्या बंद होतील. कर मात्र कधी चुकवला नाही."

"पण या दरात कराला पैसे उरतातच कुठे? मग बाबा तो कशातून भरायचे?"

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आईचं शिवणयंत्र थांबलं होतं.

'आमच्या हिला बसपेक्षा मशीन प्यारं,' असं बाबा बसमध्ये माइकवर सांगायचे. सगळी बस हसायची. मुलगीही हसायची.

आई दारात आली. गळ्यात टेप तसाच.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"शाळेचे गणवेश काय मी हौस म्हणून शिवत होते?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"परत आले की चार दिवस नुसते बोलत असायचे. कुणाला बस लागली, समुद्र बघून कोण रडलं. घरबसल्या माझीही सहल व्हायची." आई थांबली. "महाग पडली जरा."

तेवढ्यात फोन वाजला. बाईच होत्या, दरवर्षी पहिलं नाव नोंदवणाऱ्या निवृत्त शिक्षिका.

"दर निघाला का गं? बाबांचाच ठेवलायस ना?"

तिच्यासमोर दोन्ही आकडे होते. तिने मोठा आकडा सांगितला. "वर कर वेगळा, बाई."

"अगं बाई! तुझे बाबा असते तर..."

"ते असते तर गाइडला पैसे लागले नसते. आता गाइड मी आहे."

पलीकडून, "विचार करून सांगते," आणि फोन बंद.

"गेल्या?" काकांनी विचारलं.

"बहुतेक."

छापायचा दर तिने तोच ठेवला. आईने हिशेबाचा कागद उचलला, चष्मा वर करून कापडाची वीण बघावी तसा डोळ्यांजवळ धरला, आणि गाइडच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कमीच धरलेस. बापाची लेक शोभतेस."