अर्ध्यावर थांबलेली दवंडी

मी एक कर्णा बोलतोय. रिक्षाच्या टपावर बांधतात, मंडपाच्या खांबाला टांगतात, तो पसरट तोंडाचा कर्णा. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोललो. आज माझं ऐका.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते सोलापूरच्या जुन्या बाजारातलं ऊन आणि रावसाहेबांचा हात. त्यांनी टिचकी मारून माझा नाद पाहिला, म्हणाले, "खणखणीत हाय. चल." त्या वर्षीच्या भीमजयंतीला मी विहाराच्या गच्चीवरून पहिल्यांदा घुमलो.

रावसाहेब गेले आणि त्यांच्या मुलानं, प्रदीपनं, साउंड सर्व्हिस सुरू केली. बारशी, लग्नं, निवडणुका. सकाळी एका पक्षाचा जयजयकार, दुपारी त्याच रस्त्यावर दुसऱ्याचा. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. प्रदीपलाही नाही. "बोलणारा येगळा, आपुन निस्तं मोठं करनार," असं तो म्हणायचा.

मग करोना आला. 'घरातच थांबा' असं मी गल्लोगल्ली ओरडत फिरलो, आणि मला पाहताच लोक खिडक्या लावून घेऊ लागले. लग्नं बंद, जयंती घरातल्या घरात. प्रदीपची बायको सुकन्या कोविड वॉर्डात परिचारिका होती. दुसऱ्या लाटेत ती घरी आली की मागच्या दारी अंघोळ करून बाहेरच्या खोलीत एकटीच झोपायची. प्रदीप उंबऱ्याशी ताट ठेवून लांब बसायचा. दोघं तशीच बोलायची, मधे अंगण.

पावसाळ्याच्या तोंडाशी निर्बंध सैल होणार अशी बातमी आली आणि अख्खं शहर भांडायला लागलं. उघडा, नका उघडू. नळावर भांडण, रेशनच्या रांगेत भांडण. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. प्रशासनानं थोडा वेळ दुकानं उघडायला मुभा दिली, गर्दी करू नका म्हणून बजावलं. पण कापडवाले चिंतामणीशेठ आणि त्यांच्या व्यापारी मंडळाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेठचा टॉवेलचा कारखानाही होता. माग थंड पडले होते, गोदामात माल कुजत होता. माणूस वाईट नव्हता, घायकुतीला आला होता. त्यांनी आवाज भरून पेनड्राइव्ह प्रदीपला दिला. किती तरी महिन्यांनी आलेलं ते पहिलं काम.

सुकन्यानं अंगणापलीकडून विचारलं, "काय हाय त्याच्यात?"

"बाजार उघडतोय, एवढंच."

"आमचा वॉर्ड अजून भरलेलाच हाय," ती म्हणाली. प्रदीप बराच वेळ मला पुसत बसला. मी काही इतका मळलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. माझ्या तोंडून शेठचा गोड आवाज वाहत होता. "बंधूंनो, भगिनींनो, संकट संपलं. आता भीती नको. कामावर या, खरेदीला या, सगळं पहिल्यासारखं." पोरं रिक्षामागं धावली. काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. सव्वा वर्षात पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी हसून पाहत होतं.

चौकात बजाबाई रिक्षाला आडवी आली. तिचा नवरा थोड्याच दिवसांपूर्वी त्या आजारात गेला होता. तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. तिनं पदर नाकातोंडावर धरला होता.

"संपलं म्हनं?" तिनं विचारलं. "मग आमचे हे कुटं हायत?"

प्रदीपनं रिक्षा बंद केली. पेनड्राइव्ह उपसून खिशात घातला. माझ्या घशातला शेठचा शब्द 'पहिल्या'वरच तुटला. मग त्यानं माईक उचलला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातात माईक देणारा हा माणूस, त्याचा स्वतःचा आवाज माझ्यातून कधी गेलाच नव्हता.

"मी प्रदीप बोलतोय. आत्ता जे ऐकलं ते खरं न्हाय. बाजार थोडा उघडलाय. आजार संपल्याला न्हाय. माझी बायको रोज बघतीया."

मग आपल्या चहाच्या बंद टपरीवरून सिद्धाराम अण्णा उठला. "तुजं बोलनं सोपं हाय की. तुज्या घरात पगार येतो. माझी चूल कशावर पेटायची?"

मला वाटलं, प्रदीप आता भांडणार. त्यानं माईकला रुमाल गुंडाळला आणि पुढं केला. "अण्णा, हे ह्याच्यात बोला. सगळ्यांनी ऐकू द्या."

आणि सिद्धाराम बोलला. बंद टपरीबद्दल, घरातल्या दोन पोरींबद्दल, रोगानं न मेलेला माणूस उपासानं मरतो त्याबद्दल. त्याचा प्रत्येक शब्द मी पोटातून बाहेर काढला, कारण तोही खराच होता. लोक माना डोलवू लागले. उघडलंच पाहिजे, असं दोघं-चौघं ओरडले. एक जण प्रदीपला शिव्या देऊ लागला.

बजाबाईनं हात पुढं केला. प्रदीपनं रुमाल बदलला.

"उघडा की," ती म्हणाली. "मी कुटं आडवतीया? अण्णाच्या पोरी जेवल्याच पायजेत. पन संपलं म्हनू नका. संपलं म्हनलं की मानूस तोंडावरचा रुमाल काढतोय. आमच्या ह्यांनी तसाच काढला हुता."

सिद्धारामनं हनुवटीवर घसरलेला रुमाल नाकावर ओढून घेतला.

तेवढ्यात स्कूटरवरून चिंतामणीशेठ आले. "प्रदीप, ठरलेलं वाजव. पैसे घेतलेस ना?"

"परत देतो, शेठ. हे माझ्याच्यानं वाजणार न्हाय."

"यापुढं या बाजारात तुला काम मिळणार नाही."

"नगं मिळू दे."

मागोमाग हवालदार आला. एवढी माणसं जमवलीस, परवानगी एका मजकुराची आणि बोलतोस भलतंच, असं म्हणाला. गर्दीबद्दलचं त्याचं म्हणणं रास्त होतं, प्रदीपनं ते कबूलही केलं. पण बोललेला शब्द मागं घे म्हटल्यावर प्रदीपनं नकार दिला. मला जप्त करायचं ठरलं. दोर सोडताना मी टपावरून डांबरी रस्त्यावर तोंडावर पडलो. कड आत गेली.

बाजार उघडला आणि तुडुंब भरला. सिद्धारामनंही टपरी उघडली, पण पुढं दोरी बांधली आणि एकालाही बाकड्यावर बसू दिलं नाही. पावसाळाभर आमच्या भागातून आणखी माणसं गेली. बाजारामुळं गेली की आधीच आजार अंगात होता, हे मी सांगू शकत नाही. शेठ म्हणतात, बंद ठेवलं असतं तर याहून जास्त मेली असती. तेही मला ठाऊक नाही. संपलं नव्हतं, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगेन.

प्रदीपनं दंड भरून मला सोडवून आणलं. शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्याला खरंच वाळीत टाकलं. मग आम्ही बाहेर पडलो. माळशिरसकडची लग्नं, उजनीच्या पाण्याकाठच्या गावांतल्या सभा. केळीच्या टेम्पोतून प्रवास करत मी म्हातारा झालो. अलीकडे लोकांना भिंतीएवढे स्पीकर लागतात. मला फक्त दवंडीला नेतात, आणि प्रदीप मजकूर आधी स्वतः वाचल्याशिवाय मला तारच जोडत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यापायी परत गेली. जाऊ देत.

माझ्या कडेला पोचा पडलाय तिथं आवाज फाटतो. परवा एका कारागिरानं हातोडी उचलली होती, पोचा काढून देतो म्हणाला. सुकन्यानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "ऐकू येतंय न्हवं?"

येतंय. फाटका का होईना, येतंय. पुन्हा कधी संकट आलं, तुमच्यात भांडण लागलं, तर खुशाल भांडा, दोघांनीही माझ्यातूनच बोला. दोघांचंही मी मोठं करीन. फक्त न संपलेलं संपलं म्हणून सांगायला मला नेऊ नका. नेलंत, तर चौकात मधेच बंद पडेन.