रस्ता दुपारी मोकळा होईल

तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, अंदाज हुकला म्हणून नाही. ठाऊक असताना बोललात. पिवळ्या दिव्याच्या गाडीवर भोंगा बांधून तुमची माणसं गोठलेल्या महामार्गाच्या कडेकडेने फिरवलीत आणि वदवलंत, "प्रवाशांनी शांत राहावं. रस्ता दुपारी मोकळा होईल." पुढे खिंडीत मालट्रक एकमेकांच्या अंगावर आडवे पडले होते. विजेचे मनोरे बर्फाच्या भाराने गुडघ्यावर आले होते. तुमच्याकडे सगळ्याची खबर होती. तरी दुपार. आज दुपार, उद्याही दुपार.

आणि तुमच्या त्या 'दुपार'वर भरवसा ठेवून रान ग्वेश्यांग नावाच्या बाईने घरी फोन केला.

ग्वेश्यांग दूर दक्षिणेत दोंगग्वान शहरात बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायची. नवरा तिथेच पहाऱ्यावर. नव्या वर्षाच्या सणात कुलपं राखायला कोणीतरी मागे राहायलाच हवं, म्हणून तो राहिला आणि ती एकटी ग्वेईचौच्या डोंगरात घरी निघाली. घरी दोनच माणसं: सासरे आणि मुलगी श्याओमान. मुलगी आता सात वर्षांची. आईने तिला शेवटचं पाहिलं त्यानंतर दोन नवी वर्षं आली आणि गेली. दोन्ही वेळा तिकीट मिळालं नव्हतं. यंदा मिळालं, तर आभाळ फाटलं. पाऊस पडायचा पाण्याचा आणि टेकायचा काच होऊन. रस्त्यावर काच, कठड्यावर काच, बसच्या आरशावर बोटभर जाड काच. आदल्या दिवसापासून बस जागची हललेली नव्हती.

आमच्याकडे बाहेरगावी राबणारं माणूस घरी फोनवर फक्त बरंच सांगतं. पगार तुंबला, हाताला डिंकाने फोड आले, ते गिळायचं. घरचेही तसेच: छप्पर गळतंय, खोकल्यातून रक्त येतंय, यातलं काही तारेवरून जायचं नाही. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात तर 'अडकले' किंवा 'येणं होत नाही' असं तोंडातून काढायचं म्हणजे येणाऱ्या वर्षाच्या दारात घाण टाकायची.

"बाबा, मी ग्वेश्यांग."

"कुठवर आलीस पोरी?"

तिने काचेवरची वाफ पुसली. बाहेर कालचीच दरड, कालचाच मालट्रक. भोंगा नुकताच पुढे गेला होता.

"आलेच बाबा. आपल्या तालुक्यात शिरले. दुपारी फाट्यावर उतरते."

शेजारच्या ताओबाई, विटा वाहून पाठीचं धनुष्य झालेली बाई, सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या थांबल्या. "तालुक्यात? मध्ये अख्खा जिल्हा पडलाय बये. तो काय गिळलास?"

ग्वेश्यांगने हाताने त्यांना गप्प केलं. तिकडे फोन मुलीने ओढून घेतला होता.

"आई, तू दिसतेस कशी?"

"कशी म्हणजे?"

"म्हणजे मी ओळखू कशावरून?"

"लाल जॅकेट आहे माझं."

"सणाला सगळ्याच लाल घालून येतात."

"मग मी ओळखेन तुला."

"बघू," पोरगी म्हणाली आणि फोन आजोबांकडे गेला.

"आम्ही येतो फाट्यावर," सासरे म्हणाले.

"नको बाबा, निसरडं असेल तिकडे—"

"असू दे. वर्ष संपताना घरचं माणूस चढण एकटं चढत नाही. एकटं चढतं ते भूत. सामानाला पाठीची टोपली आणतो, तुझ्या हातांना निखाऱ्यांची—"

आणि फोन गेला.

तिला वाटलं, परत लागेल. लागला नाही. बसमधल्या कोणाचाच लागेना. डोंगरात कुठेतरी तार तुटली होती, मनोरा बसला होता, कोणाला ठाऊक. चालक उस्तादांनी इंजिन कधीच बंद केलं होतं, डिझेल राखायला. पायाखाली पत्रा बर्फासारखा. ग्वेश्यांग फोन कानाला लावायची, काढायची, पुन्हा लावायची.

"अगं, चेंगरून मारशील त्याला," ताओबाई म्हणाल्या.

"ते खाली उतरले असतील. पोरीला घेऊन."

"नसती माणसं वाट बघून घरी जात? माझ्या नवऱ्याला मी म्हटलं होतं दिवसभराने येते. नऊ महिन्यांनी गेले. जेवत बसला होता मेला."

"तुमचा नवरा असेल. आमचे बाबा जायचे नाहीत. मी तालुक्यात आहे म्हटलंय."

ताओबाईंनी खाली वाकून पिशवीतून पुरुषी लोकरी मोजे काढून तिच्या मांडीवर टाकले. "बुटांवरून चढव. काचेवर पाय धरतो. आणि मेलीस तर मोजे परत पाठव."

ग्वेश्यांग उतरली. पुढे कुठेतरी गाव असेल, गावात चालू फोन असेल, एवढाच हिशेब. थांबलेल्या गाड्यांच्या रांगेतून, कठड्याला धरून ती निघाली. बसमधून बाळं रडत होती. एका मोटारीच्या टपावर कोणीतरी तांदळाच्या वड्या सुकत ठेवाव्यात तशा मांडल्या होत्या. त्या दगड झाल्या होत्या. पुलाच्या तोंडाशी दोरी बांधून रस्त्याचा शिपाई उभा होता. भुवयांवर बर्फ, ओठ निळे, वय तिच्या धाकट्या भावाएवढं.

"ताई, मागे फिरा. पायी जायला बंदी आहे."

"मला फक्त फोन करायचाय."

"पुढे फोन नाहीत. गाडीत बसा. रस्ता दुपारी मोकळा होईल."

"कोण म्हणतं?"

"वरून आलंय."

"वर म्हणजे कुठे? ढगात?"

त्याने नाक पुसलं. "ताई, मलाही कालपासून कोणी खायला दिलेलं नाही. मला सांगायला सांगितलंय, मी सांगतो."

"तुला तरी वाटतं का रे मोकळा होईल?"

त्याने पुलाकडे पाहिलं. पुलाच्या मधोमध तेलाचा टँकर आडवा झाला होता आणि त्याच्यावर बर्फ चढून त्याचा आकारही उरला नव्हता. "लोक घाबरू नयेत म्हणून सांगायचं असतं," तो हळूच म्हणाला.

ती तिथेच उभी राहिली. तिनेही नेमकं ह्याचसाठी सांगितलं होतं. शब्दही तोच, दुपार. पण थांबा. स्वतःला आणि तिला एका तागडीत तोलू नका. तिच्याकडे ना नकाशा, ना भोंगा, ना मनोरे कुठे पडले ह्याची खबर. तिला एका म्हाताऱ्याची काळजी होती म्हणून ती खोटं बोलली, आणि बोलली ते तुमच्याकडूनच उसनं घेऊन. तुम्हाला कोणाची काळजी होती?

शिपायाची नजर चुकवून ती दोरीखालून गेली. पुलावर चार पावलं धड पडली, पाचवं पडलं नाही. ती बसल्या बसल्या घसरत टँकरच्या चाकावर आदळली. उठायला गेली की पुन्हा खाली. कठडा हाती लागेना. लागला तर हात त्याला चिकटायचा आणि कातडी सोलून यायची. पलीकडचं टोक दिसत होतं. एरवी बोलता बोलता चालून होईल एवढंच अंतर, आणि त्या अंतरापुढे तिने हात टेकले. शेवटी तो शिपाईच पोटावर पडून दोरी टाकत आला आणि तिला ओढून घेऊन गेला. ती त्याला शिव्या देत होती. त्याने ऐकून घेतल्या.

वर्षाची शेवटची संध्याकाळ बसमध्ये गेली. ताओबाईंनी घरी न्यायचं धुरावलेलं डुकराचं मांस कच्चंच कापून सगळ्यांच्या हातावर ठेवलं. कोणी नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. भोंगा आला, बोलला, गेला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक माणूस रडायला लागला आणि कोणी त्याला गप्प केलं नाही.

नवं वर्ष लागल्यावर सैनिकांनी फावड्यांनी रस्ता फोडला आणि बस पावलापावलाने सरकली. ग्वेश्यांग फाट्यावर उतरली तेव्हा फाट्यावर कोणी नव्हतं. लाल जॅकेट काळं पडलं होतं. फाट्यावरच्या दुकानवाल्या मोऊबाईंच्या दुकानाची फळी अर्धी उघडी होती. मोऊबाईंनी तिला पाहिलं आणि आधी पाणी दिलं. त्यावरूनच तिला कळलं.

"आत आहेत," मोऊबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत उभे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, म्हाताऱ्या, गाडी यायची नाही, चल आत. तर म्हणे, सून तालुक्यात शिरलीय, तालुक्यातून माणूस चालतही येतं. ती एकटी चालत असेल नि मी शेकत बसू? तिसऱ्या दिवशी तुला शोधायला रस्त्याने खाली निघाले. वळणावर पाय घसरून पडले ते उठलेच नाहीत. पोरीने निखाऱ्यांची टोपली त्यांच्या कोटात सारली आणि ओरडत राहिली. आवाज बसला तिचा."

मागच्या खोलीत तांदळाच्या गोण्यांवर सासरे झोपवलेले. मांडीला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधलेल्या. गावच्या दवाखान्यातल्या माणसाला एवढंच येत होतं. गारठ्याने पायाची बोटं काळसर झाली होती. उशाशी श्याओमान बसली होती. तिने आईकडे पाहिलं, ओळखलं, आणि जागची उठली नाही.

"आलीस?" सासऱ्यांनी विचारलं. "रस्ता बरा होता ना?"

"हो बाबा. बरा होता."

"मलाही काही नाही झालेलं. जरा मुरगळलाय. दोन दिवसांत—"

"खोटं," श्याओमान घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्यांना पाय हलवता येत नाही. दवाखान्यातले काका म्हणाले, तालुक्याला नाही नेलं तर पाय कापतील, नाहीतर मरतील. आणि तू तालुक्यात नव्हतीस."

ग्वेश्यांग तिच्यापुढे खाली बसली. हात पुढे केला. मुलीने तो घेतला नाही, झिडकारलाही नाही.

"नव्हते," ती म्हणाली. "घाबरले होते. म्हणून खोटं बोलले."

सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. वर्षाच्या पहिल्या दिवसांत असलं बोलायचं नसतं.

बाहेर गावचे चार पुरुष आले होते. त्यांनी मोऊबाईंच्या दुकानाचं दार बिजागरीतून काढलं होतं; म्हाताऱ्याला त्यावर बांधून तालुक्याला न्यायचं. अख्ख्या दिवसाची वाट, सगळी काच. एकाचा पाय सुटला तर पाचही दरीत. आणि तेवढ्यात फाट्यावर पिवळ्या दिव्याची गाडी येऊन थांबली, भोंगा खरखरला. "तालुक्याचा रस्ता दुपारी मोकळा होईल. आजारी माणसांना कोणी पायी हलवू नये. दवाखान्याची गाडी येत आहे." चौघांनी दार जमिनीवर टेकवलं. एकमेकांकडे पाहिलं.

ग्वेश्यांग त्या गाडीपाशी गेली. आतला माणूस काच खाली करेना, तिने सोललेल्या तळव्याने थापटली तेव्हा केली.

"गाडी निघालीय का तिकडून?"

"जाहीर केलंय ना बाई."

"जाहीर मी पण केलं होतं. निघालीय का?"

"वरून कळवलंय की—"

"आम्ही उचलून नेऊ. मरायची तयारी आहे. पण गाडी येणार असेल तर उगाच मरायचं कशाला? आणि येणार नसेल तर इथे बसायचं कशाला? एवढंच सांग. हो की नाही?"

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची त्याला मुभा नव्हती.

तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून त्याला नाही, तुम्हाला विचारतोय. चार माणसं फाट्यावर उभी आहेत, दार जमिनीवर आहे, आत एका म्हाताऱ्याचा पाय काळा पडत चाललाय आणि त्याची नात ऐकते आहे. शांत राहा सांगू नका. दुपार सांगू नका. गाडी निघाली आहे की नाही? नसेल तर 'नाही' म्हणा. तो शब्द तुमच्या भोंग्यातून येतो का, बोला.