धुक्यात शिंपडलेले जिप्सम

मी एक जुने लोखंडी घमेले आहे. माझ्या काठावर गंजाचे तीन डाग आहेत आणि बूड एका बाजूने चेपलेले आहे. तरी मित्रांनो, मला कोणी भंगारात काढलेले नाही, कारण एका हिवाळ्यात मी चांगले काम केले.

लुधियान्याजवळच्या आमच्या गावात एका लोहाराने मला जुन्या पिंपाच्या पत्र्यातून ठोकून घडवले. गज्जण सिंहांनी मला घरी आणले तेव्हा त्यांची दाढी काळी होती. शेतावर उभे आडवे चालत, मला कमरेशी धरून ते खत फेकायचे. मूठ अशी उघडायची, की दाणे पंख्यासारखे पसरायचे. त्या वेळी आमच्या रेताड एकरात भुईमूग आणि गहू व्हायचा. माझ्यातून करड्या रंगाचे सुपर फॉस्फेट जायचे. त्यात गंधकही असते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हते. पुढे भुईमुगाच्या जागी भात आला, सुपरच्या जागी डीएपी आले. डीएपीत आणि युरियात गंधक नसते. भातात महिनोन्महिने उभे राहणारे पाणी रेतीतून झिरपताना जमिनीतले उरलेसुरले गंधक खाली घेऊन जायचे. आता मजुरांच्या हातून मी दरवर्षी भरत होते, रिकामे होत होते, पण माझ्यातून काहीतरी जायचे थांबले होते.

त्या एकराचा गहू घरात येत नसे. गज्जण सिंहांच्या वडिलांनी गुरुद्वाऱ्यात शब्द दिला होता, की वैशाखीनंतरच्या लंगरचे पीठ याच एकरातून येईल. तो शब्द एकदाही मोडला नव्हता.

त्या वर्षी मात्र पहिल्या पाण्यानंतर गहू पिवळा पडला. शेजारचे लाभ सिंह बांधावर उभे राहून म्हणाले, "गज्जणा, गहू पेरलास की मोहरी?"

गज्जण सिंह घरी येऊन गरजले, "युरियाची अजून एक गोण काढा!"

त्यांची सून किरत शेतातून दोन रोपे उपटून घेऊन आली. "बापूजी, आधी हे बघा. युरिया कमी पडला की खालची, जुनी पानं पिवळी होतात. इथं खालची हिरवी आहेत. पिवळी पडलीत ती वरची, कोवळी. गव्हाला गंधक हवंय. आमच्याकडे माहेरी भुईमुगाला जिप्सम घालायचे, तेच घालू या."

"जिप्सम?" बापूजींचा आवाज चढला. "ते कल्लर, खारवट जमिनीचं औषध! माझी जमीन गोड आहे. लोक म्हणतील, गज्जणची जमीन खारवली."

"लंगरला विकतचं पीठ नेलंत, तर लोक काय म्हणतील?"

बापूजींनी ती उपटलेली रोपे हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "अर्ध्या एकरात. आणि धुकं असेल तेव्हाच. कोणाला दिसता कामा नये."

तिसऱ्या सकाळी असे धुके पडले, की मला माझाच दुसरा काठ दिसेना. किरतने शेताच्या मधोमध ऊस रोवून खूण केली आणि जिप्समची एक गोण फोडली. तिने पहिली मूठ फेकली, ती सगळी तिच्याच पायाशी पडली.

"कोंबड्यांना दाणे टाकतेयस का? आण इकडे!" बापूजींनी मला कमरेशी घेतले. कितीतरी वर्षांनी तीच चाल, तीच मूठ! मी आनंदाने खणखणत होते.

तेवढ्यात धुके विरले. बांधावरून लाभ सिंहांचा आवाज आला, "गज्जणा, आज दहिवर फक्त तुझ्याच पगडीवर पडलं का रे?"

बापूजींची निळी पगडी जिप्समच्या भुकटीने पांढरीफटक झाली होती. किरत हसता हसता खालीच बसली.

दुसरे पाणी दिले. अठराव्या दिवशी उसाच्या अलीकडे गहू हिरवागार होता आणि पलीकडे अजून पिवळा. सुतळी ताणून आखावी तशी सरळ रेघ! बापूजी त्या रेघेवर उभे राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुत्तर, दुसरी गोण काढ."

"काढते. पण चार हातांचा पट्टा तसाच ठेवू. लाभ ताऊंना दाखवायला."

वैशाखीनंतर त्या एकराचे पीठ लंगरला गेले. परातीत हात घालताच तिथे कणीक मळणारी म्हातारी बसंत कौर ओरडली, "अगं, मागच्या वर्षी लाटताना कडा फाटत होत्या. यंदा कणीक बघ कशी ताणतेय! काय खाऊ घातलंस गव्हाला?"

किरतने बापूजींकडे बोट दाखवले. त्यांनी मान खाली घातली, पण मिशीतले हसू लपले नाही.

मित्रांनो, माझ्या दोनच मागण्या आहेत. काम झाले की आम्हा घमेल्यांना धुऊन वाळत ठेवा, कारण खताचा ओलावा लोखंड खातो. आणि रोप पिवळे दिसले, तर गोण फोडण्याआधी वाकून बघा.

पुढच्या हिवाळ्यात लाभ सिंह अंगणात आले. आवाज हळू होता. "गज्जणा, ते तुझं घमेलं देतोस का जरा?"

"आधी सांग, पिवळं पान वरचं की खालचं?"

"वरचं. धुकं पडलं की टाकीन म्हणतो."

बापूजींनी मला खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिले. "धुक्याची वाट कशाला बघतोस? चल, उन्हातच टाकू. मी येतो."