तिकडचा माघ

वीणा खाली ठेवायची नाही, एवढा एकच नियम. सप्ताह बसतो त्या पहाटे ती एकाच्या गळ्यात पडते आणि सात दिवसांनी काल्याचं कीर्तन होईतो गळ्यागळ्यानं फिरत राहते. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, मुखात नाम ठेवायचं. दोन तास झाले की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा पुढं जाते. म्हटलं तर सोपं आहे. पण चौथ्या दिवशी सूर्यभान सकाळी सहापासून उभा होता, आणि आता दीड वाजायला आला होता.

पहाऱ्याची यादी पुंजारामकडं. तो देवळाच्या पायरीवर वही मांडीवर घेऊन बसलेला.

"नाना, तुमचा पहारा आठालाच सरला," तो म्हणाला. "तिघं जन आले न् माघारी गेले. समदं पुण्य एकट्यानंच न्यायचं ठरवलंय का?"

"राहू दे रे. ज्वारी काढायला आलीय लोकांची. जाऊ दे त्यांना रानात."

"ज्वारी तुमची बी उभीच हाय की."

सूर्यभाननं पाय बदलला. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, टाचेतून कळ निघून पाठीपर्यंत जात होती. काल संध्याकाळी राधाकृष्ण महाराजांचं कीर्तन झालं. महाराज उभे राहिले की सगळा मंडप त्यांच्याबरोबर उभा राहतो. पखवाजावर थाप पडते, टाळकरी पुढं सरकतात, चाल वर चढायला लागते आणि बसलेल्या म्हाताऱ्यांच्याही माना आपोआप डोलू लागतात. सूर्यभाननं तीस वर्षांत एक कीर्तन चुकवलं नव्हतं. निरूपणातला दृष्टांत तो घरी येऊन बायकोला, भागिरथीला, जसाच्या तसा सांगायचा, महाराजांच्या खोकल्यासकट. पण काल महाराज काय बोलले हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कडुलिंबाखाली उत्तमराव मेजर येऊन बसले. होते हवालदार, पण पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या प्रत्येकाला गावात मेजरच म्हणतात. त्यांनी ट्रान्झिस्टर कानाशी धरला, मग सूर्यभानकडं बघून आवाज थोडा वाढवला. दिल्लीहून दीडच्या मराठी बातम्या लागल्या होत्या. कुठलं अधिवेशन, कुठला करार, मग क्रिकेट. हवामान शेवटी आलं. काश्मीरच्या उंच भागात गेले तीन दिवस जोरदार बर्फवृष्टी होत असून सोसाट्याचे वारे वाहत आहेत. येत्या अठ्ठेचाळीस तासांत बर्फाचा आणि वाऱ्याचा जोर आणखी वाढण्याची शक्यता आहे. डोंगरातले रस्ते वाहतुकीसाठी बंद करण्यात आले आहेत. काही ठिकाणी बर्फाचे कडे कोसळल्याचं वृत्त आहे.

मग पुण्याचं तापमान सांगितलं. उत्तमरावांनी ट्रान्झिस्टर बंद केला.

"गहिनी कवा निघणार हुता?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. गाड्यांच्या ताफ्यासंगं खाली उतरतो म्हनला हुता."

"आज बुधवार."

"व्हय."

गहिनीनाथ हा सूर्यभानचा एकुलता एक. पलटणीत लागून पाच वर्षं झाली होती, आणि गेल्या दिवाळीपासून तो तिकडं वर, नाव सांगायची परवानगी नसलेल्या कुठल्याशा चौकीवर होता.

उत्तमराव उठून जवळ आले. "मला एक कळत न्हाई, नाना. वरच्या पोरांना सुट्टी देत्यात ती चैतापुढं, रस्ता मोकळा झाल्यावर. हा ऐन बर्फात का निघाला?"

सूर्यभानचा नाम घेणारा आवाज थांबला. वीणेच्या तारेवरचं बोटही थांबलं.

"मीच लिवलं हुतं त्याला."

"काय लिवलं?"

"की थंडी सरली. हुरडा झाला, आंब्याला मोहर आला, आता रात्री घोंगडीबी नको वाटती. मग एप्रिलापातूर कशाला थांबतो? सप्त्याला ये. औंदा काल्याच्या दिवशी वीणा माझ्या गळ्यातून तुझ्या गळ्यात घालायची हाय. त्याचं उत्तर आलं. नाना, तुमी म्हनता म्हणून एका गड्यासंगं सुट्टी बदलून घेतली, असं."

उत्तमरावांनी ट्रान्झिस्टर काखेत मारला. "नाना, आपला माघ इथला. आपल्याकडं मोहर येतो तवाच तिकडं खरं बर्फ पडतं. वरून वारं सुटतं, साचल्यालं बर्फ सैल होतं. मी तीन हिवाळे काढले तिथं. पुसापेक्षा माघाला आमी जास्त भ्यायचो."

"मला काय ठावं? मला वाटलं, थंडी म्हंजे थंडी. हितं सरली की तिकडं बी सरली."

"मला विचारायचं तरी. माझं घर काय परगावी हाय?"

विचारावं असं सूर्यभानच्या मनातच आलं नव्हतं. हंगाम काय कुणाला विचारायचा असतो?

"मग चला," उत्तमराव म्हणाले. "नगरला कॅम्पात माझ्या पलटणीतला एक सुभेदार हाय. त्यांच्या लायनीवरून वरची खबर मिळती. श्रीगोंद्याच्या एसटीडी फोनवरून काय बी कळायचं न्हाई. राजदूत फटफटी हाय माझी, दीड-दोन तासांत पोचतो."

सूर्यभाननं वीणा छातीशी धरली. "मला न्हाई यायचं. मी हितंच उभा राहतो. सात दिस वीणा खाली ठिवनार न्हाई, कुनाला देनार बी न्हाई. मग देव काय करायचं ते करील."

"देवाला अडवून धरायची ही कुठली रीत?"

हे उत्तमराव बोलले नव्हते. मागं भागिरथी उभी होती, हातात तांब्या, त्यात गुळाचं पाणी. ती कधी आली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या तोंडाकडं बघून सूर्यभानला एवढं कळलं की तिनं सगळं ऐकलं आहे.

"कवा लिवलं पत्र?" तिनं विचारलं.

"पुसात. संक्रांत झाल्यावर."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू नको म्हनली असतीस."

भागिरथीनं तांब्या पायरीवर ठेवला. ओरडेल, रडेल, असं त्याला वाटलं. त्यानं मान खाली घालून ठेवली होती. पण तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "तुमी सकाळपासनं हितं उभं राहून पाय सुजवून घेतलेत, मला वाटलं भक्ती लई आलीय. तुमी तर लपून बसलाय. काय खबर येती ती ऐकायला नको म्हणून."

तीस वर्षं संसार केलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि ती खोटं बोलत नव्हती.

"द्या ती वीणा इकडं," ती म्हणाली.

पुंजाराम पायरीवरून उठला. "वहिनी, यादीत बायांचं नाव न्हाई. आजवर झालं न्हाई तसं."

"मग लिवून घ्या, भावजी. भागिरथी सूर्यभान. दुपारचा पहारा." तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. "न्हाईतर तुमी घ्या वीणा. हायेत का पाय?"

पुंजारामला वर्षभरापासून गुडघ्याचं दुखणं होतं. त्यानं वही उघडली आणि खरंच लिहायला लागला.

सूर्यभाननं वीणा गळ्यातून काढून हातात धरली. नियमाप्रमाणं तो भागिरथीच्या पाया पडायला वाकला, तर कमरेतून सरळ होता येईना. उत्तमरावांनी काखेत हात घालून उभा केला. भागिरथीही त्याच्या पाया पडली. मग वीणा तिच्या गळ्यात गेली. तिला तार छेडायची सवय नव्हती. पहिला सूर बेसूर लागला, दुसरा जरा बरा.

सूर्यभान राजदूतवर मागं बसला. दोन्ही बाजूला ऊस, मग कापणीला आलेली ज्वारी, मग उघडं रान. ऊन चांगलं चटकत होतं. वाटेत उत्तमरावांनी एकदा गाडी थांबवून त्याला पाणी पाजलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण पाणीही प्यालो नाही.

कॅम्पातल्या कचेरीत सुभेदारांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. चौकशीला तासभर लागला. फोन लागायचा, तुटायचा, पुन्हा लागायचा. शेवटी उत्तमरावांनी खांद्याला धरून हलवलं.

"नाना. गहिनी हाय. जिता हाय."

सूर्यभान खुर्चीचा हात धरून सरळ बसला.

"ताफा वाटंत थांबवला हुता. मागच्या दोन गाड्यांवर बर्फ आलं. समद्यांना बाहेर काढलं, गहिनी त्यातच हुता. उजव्या पायाची दोन बोटं बर्फानं काळी पडली. खालच्या दवाखान्यात हाय. बोटं ठेवायची का काढायची ते डॉक्टर दोन दिवसांत ठरवनार हायत."

"दोन बोटं."

"दोनच. नाना, लई सस्त्यात सुटला तो. मी सांगतो ना."

सूर्यभाननं स्वतःच्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्याला रडू आलं नाही, हायसंही वाटलं नाही. नुसता थकवा होता, खोल, हाडापर्यंतचा, आणि त्याच्या तळाशी लेक जिवंत असल्याची गोष्ट हळूहळू बसत होती. त्यानं हात जोडले, पण कुणापुढं जोडले हे सुभेदारांना कळलं नाही. त्यांना वाटलं आपल्यालाच, म्हणून तेही संकोचून म्हणाले, "बसा, बसा. चहा घ्या."

चहा झाल्यावर सुभेदार म्हणाले, "दवाखान्यात दोन ओळींचा निरोप जाऊ शकतो. काय कळवायचं?"

सूर्यभान सावकाश म्हणाला, "लिवा. घाई करू नको. डॉक्टर म्हनतील तवाच ये. हितल्या हवेवर जाऊ नको, तिथल्या मानसांना विचार." त्यानं कप खाली ठेवला. "आनि लिवा, माझी चूक झाली."

सुभेदारांनी पेन उचललं नाही. "नाना, सरकारी लायनीवर असलं काही घालत नाहीत. बाकीचं लिहितो."

"घाला," उत्तमराव म्हणाले. "दोन ओळीत मावतंय."

सुभेदारांनी कागद पुढं ओढून हिंदीत लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. सूर्यभानला हिंदी पुरती कळत नव्हती. शेवटचे शब्द मात्र कळले. त्यानं मान हलवली, आणि सुभेदार फोन लावायला आत गेले.