झेवियरच्या नावाची पंगत

ट्रिशाच्या लग्नाआधी घरी गरिबांची पंगत बसणार, हे नताळीनआजीने डेल्रॉयला बजावूनच ठेवलं होतं. गोरेगावच्या त्यांच्या गावठाणात तिच्या सासूने प्रत्येक लग्नात तसंच केलं होतं. घरच्या मेलेल्यांच्या नावाने आधी गरीब जेवायचे, त्यांच्यासाठी देवाकडे मागायचे, आणि मगच घरच्यांची पानं मांडायची. आता त्या घराच्या जागी टॉवर होता, अंगणात पार्किंग. पण आपल्या नवऱ्याला, झेवियरला, त्याच्या वाट्याची प्रार्थना मिळाल्याशिवाय नात वेदीपुढे उभी राहावी, हे आजीच्या मनाला पटत नव्हतं.

"तू काळजीच सोड, मम्मा," डेल्रॉय म्हणाला होता. "इव्हेंटवाला सगळं बघतो."

आणि खरंच, पंगत पाहून तिचा ऊर भरून आला. फाटके कपडे, विस्कटलेले केस, पुढ्यात केळीची पानं. लुगड्याचा पदर खोचून तिने स्वतः वाढलं. भात, मटण, तळलेले गरम मैद्याचे फुगे. एक बाई तर मान वर न करता जेवत होती. आजी तिच्यापुढे वाकली.

"बाय, सगळ्यांनी माझ्या झेवियरसाठी देवाकडे मागा हां."

बाई गोंधळली. शेजारच्या म्हाताऱ्याने पंगतीचे फोटो काढणाऱ्या कॅमेरावाल्याकडे पाहिलं.

"सर, डायलॉग पण आहे काय? आम्हाला नुसतं जेवायचं सांगितलंय."

आजीच्या हातातला डाव हवेतच राहिला. "कोण रे तुम्ही?"

"ज्युनियर आर्टिस्ट, आजी. पिक्चरमध्ये गर्दीत उभे राहतो ना, ते."

ती मुलाकडे वळली. "चर्चच्या पायऱ्यांवरच्या लोकांना मी बोलावलं होतं. ते कुठे गेले?"

"आलेले गेटवर. पैसे देऊन पाठवलं. अगं, सोसायटीत भिकारी चालत नाहीत. हे लोक स्वच्छ आहेत, अल्बममध्ये पण बरे दिसतात. कोणीतरी जेवलं म्हणजे झालं ना?"

भाड्याचे गरीब! झेवियरच्या नावावर!

"उठा!" ती ओरडली. "मेलेल्या माणसाच्या नावाने नाटकं करता? उठा सगळे!"

पंगत उठली. उठ म्हटलं की उठायची त्यांना सवयच असावी. ती बाईही धडपडत उठली, आणि तिच्या पदरातून फुगे घरंगळले. ती खाली बसून ते वेचायला लागली, एकेक पुसून.

"चोरी नाही, आजी. माझ्या पानातलेच आहेत. घरी पोरगी आहे." तिने वर पाहिलं. "बरेच दिवस काम नव्हतं. आज जेवायचंच काम आहे म्हणाले, तर मला हसूच आलं."

"नाव काय गं तुझं?"

"प्रेमा."

सासूच्या राज्यात भरल्या पानावरून कुणाला उठवल्याचं नताळीनला आठवत नव्हतं. ते आज तिने केलं होतं. तिने स्वतः.

ती मटकन प्रेमाच्या पानाशेजारी बसली. तिचा हात धरून तिला खाली ओढलं. "बस. बाबा, तुम्ही पण बसा. बसा रे सगळे. मी जेवते तुमच्यासोबत."

"मम्मा, पाहुणे बघतायत!"

"बघू देत. पायऱ्यांवरच्यांना आणायला मग गाडी काढ, मी येते. आधी वाढ इथे."

डेल्रॉयने केटररच्या माणसाला खूण केली.

"त्याला नको," आजी म्हणाली. "डाव तू घे."