घिताच्या घरची बोली

अब्ला इन्साफ आत आल्या त्या खुर्चीत न बसताच बोलायला लागल्या. शाळेत मुलं सगळ्याच शिक्षिकांना अब्ला म्हणत, आणि शिक्षिकाही एकमेकींना तशीच हाक मारत.

"मैसून, ही नवी मुलगी मठ्ठ नाही. मठ्ठ पोरं मी तोंडावरून ओळखते. पण गणिताच्या तासाला मी हिचं काय करू ते सांग. पाच दिसला की शून्य वाचते. आणि शून्य दिसलं की शाईचा ठिपका पडलाय समजून पुढं जाते."

मैसूनला हसू आलं. कुवेतच्या हवल्ली भागातल्या त्या खासगी अरबी शाळेत मुलांच्या अडीअडचणी बघायचं काम ती बरीच वर्षं करत होती. स्वतः जॉर्डनमधल्या सॉल्टची. शाळेतली निम्मी मुलं इजिप्तची, बाकीची सीरियाची, जॉर्डनची, येमेनची. बापाला कुवेतमध्ये नोकरी लागली की दोन बॅगांबरोबर मुलंही येत, महिनाभर ठेचकाळत आणि मग चालायला लागत. पण ही मुलगी मोरोक्कोची होती. तिथले आकडेच वेगळे. इथल्या अरबी पाचाची गोल पाकळी तिला शून्यच वाटणार, आणि इथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. शिवाय तिथं गणित डावीकडून उजवीकडे लिहितात, इथं उजवीकडून डावीकडे.

"आकडे पंधरवड्यात येतील," मैसून म्हणाली.

"आकडे येतील गं. तोंड कधी उघडेल?"

तोंड बंद झालं होतं ते पहिल्याच दिवशी. घिता नऊ वर्षांची, मेकनेसहून आलेली. अब्ला इन्साफनी तिला वर्गापुढं उभं करून गावाबद्दल सांगायला लावलं. ती बिनधास्त उभी राहिली आणि घरी बोलायची तसंच बोलली, की आमच्याकडे ऑलिव्हची झाडं आहेत, ब्झाफ. ब्झाफ म्हणजे पुष्कळ. पण वर्गाला तो शब्द शिंक आल्यासारखा वाटला. मागच्या बाकावरून कुणीतरी तो परत म्हटला, मग सगळ्यांनी म्हटला. दुसऱ्या दिवशी ती दारातून आत आली तेव्हा "ब्झाफ आली, ब्झाफ आली" असा गजर झाला. त्यानंतर घिता वर्गात बोललीच नाही. पुस्तकातली अरबी तिला उत्तम वाचता येत होती, पण प्रश्न विचारला की ती फक्त मान हलवायची.

मुख्याध्यापिकांचं म्हणणं सरळ होतं. पहिलं सत्र संपेपर्यंत सुधारणा दिसली नाही तर चौथीतून खाली तिसरीत बसवायचं.

मैसूननं आईवडिलांना बोलावून घेतलं. वडील द्रीस, चुन्याच्या गिलाव्यावर नक्षी कोरणारे कारागीर. कुणा मोठ्या घराच्या दिवाणखान्याचं काम चाललं होतं, तिथूनच आले होते. नखांच्या कडांत पांढरं साचलेलं. ते बातम्या सांगणाऱ्यासारखी जपून अरबी बोलत.

"बाई, आमच्या बोलण्याला साइटवरसुद्धा हसतात. मी काम करून दाखवतो, मग गप्प बसतात. पण पोरगी काय करून दाखवणार?"

आई बुश्रा मांडीवर चार वर्षांच्या बद्रला धरून बसली होती. मैसूनचं अर्धं बोलणं तिला टीव्हीवरच्या इजिप्शियन-सीरियन मालिकांमुळे समजत होतं. उरलेलं द्रीस सांगत होते.

मैसूनचा सल्ला तयारच होता. एका येमेनी कुटुंबाला तिनं तो दिला होता आणि त्यांचं छान जमलं होतं. "घरात एक आणि शाळेत दुसरं, असं झालं की मूल गोंधळतं. तुम्ही थोडे दिवस घरातही इथल्यासारखं बोला. मालिका लावून ठेवा. तुम्ही बोलाल तसं ती बोलेल."

"म्हणजे आमची बोली बंद?" बुश्रानं विचारलं.

"थोडे दिवस, उम्म बद्र."

"माझं नाव बुश्रा."

"आमच्याकडे बाईला अमक्याची आई अशी मुलाच्या नावानं हाक मारतात. मान म्हणून."

"आमच्याकडे तिच्याच नावानं मारतात," बुश्रा म्हणाली. "तोही मानच असतो."

मैसून जराशी वरमली. पण सल्ला पटला असावा. निदान जाताना दोघांनी माना तरी डोलावल्या.

आकडे खरंच आले. अब्ला इन्साफ तोंडाच्या फटकळ, पण हाडाच्या शिक्षिका. मधल्या सुट्टीत घिताला शेजारी बसवून त्यांनी पाच आणि शून्याचा घोळ निस्तरला. ऑक्टोबर संपता संपता घिता तीन आकड्यांचे भागाकार उजवीकडून डावीकडे बिनचूक करायला लागली. मैसूनला वाटलं, आता बोलेलही.

झालं उलटंच. नोव्हेंबरात अब्ला इन्साफ म्हणाल्या, "आता मानही हलवत नाही. मी गणित तपासून चांगलं म्हटलं की अंग चोरते, जसं काही मी चापट मारणार आहे."

त्याच आठवड्यात बुश्रा एकटीच शाळेत आली. उन्हातून चालत आली होती. मैसूननं पाणी दिलं, ते तिनं घोटभर घेऊन ठेवून दिलं. मग शब्द शोधत, अडखळत, पण नेमकं बोलली.

"तुम्ही सांगितलं तसं केलं. माझ्या घरात आता फक्त फ्रिजचा आवाज येतो."

मैसून टेबलामागून उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

"मालिकेतल्या बायकांसारखं मी बोलते. जेव म्हणते, झोप म्हणते. तेवढं येतं. पण रागवायचं कसं? थट्टा कशी करायची? बद्र पडला, रडायला लागला, तर मला त्याला चुचकारायला शब्द नाही. आणि घिता. आठवडाभर ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं बोलणं सोडलं. आधी शाळेतून आली की दारातच सुरू व्हायची. रडायची, शिव्या घालायची त्या पोरांना. आता दप्तर ठेवते आणि खिडकीशी बसते. बाई, मला तुमच्या बोलीत लेकराला जवळ घेता येत नाही."

बुश्रा गेल्यावर मैसूननं आपलाच सल्ला पुन्हा आठवून पाहिला. घरातली आणि शाळेतली भाषा एक झाली की मूल सुखी, हे तिनं कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि पुढं आपलंच असल्यासारखं सांगत आली होती. त्या येमेनी घराचं जमलं, पण तिथं आई मुळात शिक्षिका होती, आजी बरोबर होती, आणि आजीनं कुणाचंही ऐकलं नसणार, हे आता तिच्या लक्षात आलं. घिताचं वर्गातलं तोंड पोरांनी बंद केलं होतं. घरातलं आपण केलं.

शनिवारी ती त्यांच्या घरी गेली. लिफ्ट बंद होती, पाच मजले चढून पोचली तेव्हा धाप लागली होती. बुश्रानं रव्याच्या पापुद्र्यांच्या पोळ्या केल्या होत्या, मध होता, पुदिन्याचा चहा होता. द्रीस कामावर. घिता कोपऱ्यात बद्रला गाडी खेळवत बसली होती. तिनं उठून सलाम केला आणि परत बसली.

"आज एक करा," मैसून बुश्राला म्हणाली. "तुमच्याच बोलीत बोला. इथं पाहुणी मी आहे."

बुश्रा आधी संकोचली. मग पोळ्यांबद्दल काहीतरी बोलली, मग इमारतीबद्दल, आणि मग महिन्याभराचा बांध फुटल्यासारखी सुटलीच. हात हलायला लागले, आवाज वर-खाली व्हायला लागला. बाई एवढी बोलकी आहे, याची मैसूनला कल्पना नव्हती. पण तिला तीन शब्दांत एक समजत होता. तिसऱ्याचा अर्थ लावेपर्यंत पुढचे दहा निघून जात. बुश्रा हसली की ती हसे. बुश्रा थांबली की ती मान हलवे. एकदा ती हसली आणि बुश्राचा चेहरा पडला, तेव्हा तिला कळलं की ती गोष्ट हसण्याची नव्हती. आणि त्याच क्षणी ध्यानात आलं, की अर्धा तास आपण जी मान हलवतोय ती घिताची मान आहे.

ती घिताकडं वळली. "बाळा, मला काही समजत नाहीये. मी नुसतीच हो हो करतेय. आई काय म्हणाली ते सांगशील?"

घितानं गाडी खाली ठेवली. आईकडं बघितलं, मैसूनकडं बघितलं. बद्र तिची बाही ओढत होता. मैसूननं घाई केली नाही.

"ती म्हणाली," घिता हळूच म्हणाली, पुस्तकातल्या स्वच्छ अरबीत, जसे कार्टूनमधले राजपुत्र बोलतात, "की आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आईला तिथं जाता आलं नाही."

"आणि मी हसले."

"हो."

"तिला म्हणावं, मला माफ कर."

घितानं सांगितलं. बुश्रा काहीतरी म्हणाली. घितानं तेही अरबीत करून सांगितलं. असं दोन-चारदा झालं. मग बुश्राच्या डोळ्यांत चमक आली. तिनं चहाचा पेला खाली ठेवला आणि पोरीकडं बोट दाखवत एक लांबलचक वाक्य म्हटलं.

"हे मी नाही सांगणार," घिता म्हणाली.

"दुभाष्यानं सगळं सांगायचं असतं."

"ती म्हणते, मेकनेसला मी वर्गात इतकी बोलायचे की बाई मला दाराबाहेर उभं करायच्या." मग लगेच, "दोनदाच. ती नेहमी वाढवून सांगते."

बुश्राला ते समजलं आणि तिनं आपल्या बोलीत काहीतरी उलट सुनावलं. घितानंही आपल्याच बोलीत उत्तर दिलं, मग आईनं, मग परत पोरीनं. दोघी भांडत होत्या आणि मैसून मधाची पोळी खात ऐकत होती. तिला अक्षर कळत नव्हतं, पण त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

निघताना तिनं रोजच्या सवयीनं बुश्राला म्हटलं, "अल्लाह तुम्हाला आफिया देवो." कष्ट केलेल्या माणसाला इकडे सगळेच असं म्हणतात. आफिया म्हणजे आरोग्य, सुख.

घिता जागच्या जागी ताठ झाली.

"तुम्हीपण?" ती म्हणाली.

"मीपण काय?"

"अब्ला रोज म्हणतात मला हे. मी गणित बरोबर केलं तरी म्हणतात. मी काय केलंय त्यांचं?"

मैसूनला काहीच उमगेना. बुश्रानं मात्र कपाळावर हात मारला आणि खाली बसली. हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं.

"बाई, आमच्याकडे आफिया म्हणजे आग," ती म्हणाली. "चुलीतली, नरकातली, कुठलीही. अल्लाह तुला आग देवो. मला मालिकांमुळे ठाऊक होतं. हिला सांगायचं सुचलंच नाही."

मैसूनच्या डोळ्यांपुढं अब्ला इन्साफ उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं कुवेतमध्ये राहून लागलेली सवय. सुट्टी खर्ची घालून पोरीला शिकवायचं, उत्तर तपासायचं, आणि मायेनं म्हणायचं ते वाक्य. आणि पोरगी रोज त्या वाक्यानं भाजत होती.

"अगं, मग मला विचारायचंस ना," बुश्रा लेकीला म्हणाली.

"कुठल्या भाषेत विचारू?" घिता म्हणाली. "घरात आपली बंद होती."

मैसून दारातून परत आत आली, पायांतल्या चपला काढल्या आणि घितासमोर जमिनीवर बसली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "आईला मीच तसं करायला सांगितलं होतं. मला वाटलं, तुला सोपं जाईल. आजपासून या घरात तुमचीच बोली. शाळेतलं शाळेत बघू."

घितानं ते आईला सांगितलं, खरं तर गरज नव्हती तरीही.

अब्ला इन्साफना हा प्रकार सांगितला तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या, मग हसता हसताच डोळे पुसले. "म्हणजे रोज शाप देत होते की मी." दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात आफियाची चूक कबूल केली आणि घिताला विचारलं की तुमच्याकडे शाबासकी कशी देतात. घितानं सांगितलं. अब्लांनी तो शब्द इतका वाकडा उच्चारला की वर्ग खिदळला आणि यावेळी घिताही हसली. म्हणून सगळं एका रात्रीत गोड झालं असं नाही. मागच्या बाकावरच्यांना आता "आग" हे नवं नाव सापडलं आणि ते पुढं बरेच दिवस टिकलं. फरक इतकाच की घिता आता उलट बोलायची, आधी पुस्तकी अरबीत, मग इजिप्शियन बोलीत, आणि फारच राग आला की आपल्या बोलीत. ते कुणाला कळत नसल्यामुळे त्याची दहशत सर्वांत जास्त. शेजारच्या बाकावरची येमेनी सलवा तिची मैत्रीण झाली. मुख्याध्यापिकांनी कुरकुरत का होईना, चौथीतच ठेवलं. श्रुतलेखनात घिता एकदा नापास झाली, गणितात वर्गात दुसरी आली.

मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, बुश्रा बदामाच्या वड्या घेऊन मैसूनकडं आली. बाहेरच्या व्हरांड्यात घिताचा आवाज गाजत होता. कुणाला तरी ती अस्सल कैरोच्या ठसक्यात दटावत होती. कुणी म्हटलं नसतं की ही मेकनेसची.

"ऐकताय ना," बुश्रा म्हणाली. ती आता बरंच सहज बोलायची. "परवा माझ्या आईचा फोन आला. ती म्हणते, ही कोण इजिप्तची पोरगी फोनवर? घिताला दे. मी म्हटलं, घिताच आहे. आई गप्पच झाली."

"घरीपण असंच बोलते?"

"मी माझ्या बोलीत विचारते, ती इथल्या पोरांच्या बोलीत उत्तर देते. बद्र तिचं ऐकून तसाच बोलायला लागलाय. आता मी काय करू, ते सांगा."

मैसूननं हातातली वडी खाली ठेवली. वर्षाच्या सुरुवातीला कुणी हे विचारलं असतं तर तिनं ताबडतोब सांगितलं असतं.

"मला माहीत नाही, बुश्रा," ती म्हणाली. "माझा मुलगा यझान इथंच वाढला. सॉल्टला गेलो की माझी आई त्याला पाहुण्यासारखी वागवते. सावकाश बोलते त्याच्याशी. मला दरवर्षी ते टोचतं, आणि दरवर्षी मी काही करत नाही."

बुश्रानं खिडकीबाहेर पाहिलं. पटांगणावर धूळ उडत होती.

"मी माझीच बोलत राहीन," ती म्हणाली. "उत्तर तिनं हवं त्यात द्यावं. तिचं ऐकणं तरी थांबायला नको."

तेवढ्यात घिता धावत आत आली. सलवाकडं जायचं होतं, आत्ताच, तिची आई खाली थांबलीय. बुश्रानं नाही म्हटलं, आधी जेवायचं. घितानं का नाही म्हणून विचारलं. एकीचं एका बोलीत, दुसरीचं दुसरीत, असा वाद घालत मायलेकी जिना उतरल्या. मैसून वरच्या कठड्याशी उभी राहून ऐकत होती. बुश्राचं तिला अजूनही अर्धंच समजत होतं. सलवाकडं जायची परवानगी मिळाली, एवढं मात्र कळलं.